मोत्सार्टचा क्लॅरिनेट कॉन्चेर्टो: खालचे चार सूर नसलेल्या वाद्यावर वाजवावा का?

मंद्रसप्तक
मंडळी, विषय पाश्चात्य संगीतातला आहे, पण सरगमच्या भाषेत मांडते, म्हणजे गाणाऱ्या-ऐकणाऱ्या सगळ्यांनाच बोलता येईल.

मी पुण्यात क्लॅरिनेट शिकते. सध्या परीक्षेसाठी मोत्सार्टचा ए मेजरमधला कॉन्चेर्टो, म्हणजे एक मुख्य वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना (सूची क्रमांक के. ६२२, सन १७९१), बसवतेय. ए म्हणजे आपली पांढरी सहा. ए क्लॅरिनेटसाठी तो कागदावर सी मेजरमध्ये लिहितात, म्हणजे लिहिलेला सी हा आपला सा. आता साध्या क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा लिहिलेला सूर आहे ई. मध्य सा धरून खाली आलात तर मंद्रातल्या शुद्ध गंधारावर वाद्य संपतं. त्याखालचे कोमल गंधार, रिषभ, कोमल रिषभ आणि सा हे चार सूर वाद्यात नाहीतच.

मोत्सार्टनं हा कॉन्चेर्टो आंतोन श्टाडलर या वादकासाठी लिहिला आणि त्याच्या वाद्यात हे चारही सूर होते. त्या लांब वाद्याला आता बॅसेट क्लॅरिनेट म्हणतात. मोत्सार्टचं हस्तलिखित हरवलं. १८०१-०२ च्या सुमाराला ज्या छापील प्रती बाहेर पडल्या त्या साध्या क्लॅरिनेटवर वाजतील अशा करून घेतलेल्या होत्या. कुणी केल्या, तर तिथं नाव नाही. त्यानंतर जगभर वाजत आला तो हाच अवतार, आणि माझ्या स्टँडवरही तोच आहे.

पहिल्या भागात काही जागा अशा आहेत की सुरावट एकेक सूर मोडत खाली येते, आता सा वर टेकणार असं वाटतं, आणि तेवढ्यात उचलून वरच्या सप्तकात ठेवल्यासारखी होते. बोटांना त्याची सवय झाली, कानाला काही होईना. मग साबिने मायर यांचं बॅसेट क्लॅरिनेटवरचं ध्वनिमुद्रण ऐकलं. तिथं ती ओळ सरळ खाली जाऊन सा वर बसते. ते ऐकल्यापासून माझ्या प्रतीतली ती उडी मला वाजवता येते पण पटत नाही.

माझं मत असं की साध्या वाद्यावर जरूर वाजवावा, पण ओळ कुठं दुमडलेली आहे हे माहीत करून न घेता वाजवू नये. तुम्हाला काय वाटतं? आणि ज्यांनी बॅसेट क्लॅरिनेट हातात धरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पोहेप्रेमी
वाचनखूण (वाखु) साठवली. कळलं निम्मंच, पण वाचतोय.

बँडवाले सातारकर
ताई, धागा बघून राहवलं नाही. आमच्या घरात दोन पिढ्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट. वडील मेरठहून आलेलं जुन्या पद्धतीच्या चाव्यांचं वाजवायचे, मीही त्यावरच शिकलो. तुम्ही म्हणता तो खालचा पट्टा आम्ही जवळजवळ वापरतच नव्हतो. रस्त्यावर ढोल, ताशा, ट्रम्पेट, वर जनरेटर. मंद्रात फुंकलं तर शेजारच्या माणसालाही ऐकू जायचं नाही. म्हणून सगळं काम वरच्या सप्तकात. वडील मात्र घरी रियाजाला बसले की खालीच रमायचे. वरातीत वाद्य ओरडतं आणि घरी बोलतं, असं म्हणायचे.

माझी शंका अशी. समोर मोठा वाद्यवृंद बसलेला असताना ते खालचे चार सूर ऐकू तरी येतात का? की नुसतं कागदावर समाधान?

डॅन्यूबकाठी
सातारकर, फार मोलाची शंका. उत्तर मोत्सार्टनं वाद्यवृंद कसा मांडलाय त्यातच आहे. दोन बासऱ्या, दोन बॅसून, दोन हॉर्न आणि तंतुवाद्यं, संपलं. ट्रम्पेट नाही, नगारे नाहीत, सनईच्या जातीचे ओबोसुद्धा नाहीत. ओबोचा सूर टोकदार असतो, तो क्लॅरिनेटच्या अंगावर येतो, म्हणून ती जागाच रिकामी ठेवली. शिवाय क्लॅरिनेट खाली उतरतं तिथं बऱ्याचदा डबल बास गप्प असतात आणि वरच्या व्हायोलिनी हळू आवाजात चालतात. तुमच्या वडिलांना घरच्या रियाजाला मिळायची तेवढी शांतता त्यानं भर मैफलीत करून दिलीय.

बॅसेट क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा सा म्हणजे ११० हर्ट्झ. साधं क्लॅरिनेट १३९ च्या आसपास थांबतं. आकड्यात हा फरक किरकोळ दिसतो, कानाला तो अजिबात किरकोळ नाही.

मी व्हिएन्नात राहते, क्लॅरिनेट वाजवत नाही, पण नवरा वाजवतो, त्यामुळे घरात या विषयाला खंड नसतो. थोडी माहिती देते. श्टाडलर (१७५३ ते १८१२) आणि त्याचा धाकटा भाऊ योहान दोघंही इथल्या दरबारी वाद्यवृंदात होते. आंतोन वाजवायचा दुसरं क्लॅरिनेट, म्हणजे खालची बाजू, आणि तीही आवडीनं. थिओडोर लोट्झ हा इथलाच वाद्य बनवणारा. त्यानं श्टाडलरसाठी हे लांबवलेलं वाद्य घडवलं. १७८८ मध्ये श्टाडलरनं ते व्हिएन्नात लोकांसमोर आणलं. पुढच्याच वर्षी मोत्सार्टनं क्लॅरिनेट पंचक (के. ५८१) लिहिलं, तेही याच माणसासाठी.

हिशोबी
एक मिनिट. हस्तलिखित हरवलंय म्हणता. मग मूळ कॉन्चेर्टो या लांब वाद्यासाठीच होता हे कशावरून? आणि ज्या ध्वनिमुद्रणात ओळ "सरळ खाली जाते" ते सूर मोत्सार्टचे की आजच्या कुणा विद्वानाचे? माझ्या मते एका तडजोडीच्या जागी दुसरी तडजोड आली, एवढंच.

डॅन्यूबकाठी
हिशोबी, प्रश्न बरोबर आहे, पण पुरावे तुम्हाला वाटतात त्याहून भक्कम आहेत.

सगळ्यात मोठा पुरावा १८०२ चा. लाइपझिगच्या तेव्हाच्या प्रसिद्ध संगीतपत्रात छापील प्रतीचं परीक्षण आलं. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण त्याच्यासमोर मूळ रूप होतं हे उघड आहे. मोत्सार्टनं हा कॉन्चेर्टो खाली सी पर्यंत जाणाऱ्या क्लॅरिनेटसाठी लिहिला होता असं तो स्पष्ट सांगतो, आणि कोणत्या जागा कशा बदलल्या याची उदाहरणं सुरांसकट देतो. मला त्याची सगळ्यात आवडलेली सूचना म्हणजे प्रकाशकांनी मूळ तसंच छापायचं होतं आणि साध्या वाद्यासाठीचे बदल बारीक टाइपात सोबत द्यायचे होते. म्हणजे मंद्रसप्तकताई जे आज मागताहेत ते त्यानं तेव्हाच मागितलं होतं.

दुसरा पुरावा मोत्सार्टच्या स्वतःच्या अक्षरातला. स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला एक अपुरा मसुदा आहे, १९९ मात्रागटांचा. पहिल्या भागाचाच आधीचा खर्डा, पण बॅसेट हॉर्नसाठी (क्लॅरिनेटच्याच कुळातलं, आणखी खाली जाणारं वाद्य) आणि जी मेजरमध्ये. शेवटी शेवटी शाई बदलते आणि साथीचे सूर ए मेजरचे व्हायला लागतात. लिहिता लिहिता त्याचा विचार पालटला, तो कागदावर दिसतो. त्यात खालचे सूर आहेतच.

तिसरा म्हणजे १७९१ च्याच सप्टेंबरात प्रागला झालेला त्याचा 'ला क्लेमेंझा दी तितो' हा ऑपेरा. त्यातल्या "पार्तो, पार्तो" या गाण्याला श्टाडलरची साथ होती, आणि त्या साथीत लिहिलेला खालचा सी चक्क आहे. तिथं तर हस्तलिखितही शाबूत आहे.

आता तुमचा दुसरा मुद्दा. हो, प्रत्येक जागी नेमके कोणते सूर होते हे कुणीच शपथेवर सांगू शकत नाही. परीक्षणात आलेल्या जागा आणि मसुद्यातल्या जागा पक्क्या. बाकीच्या तर्कानं भरलेल्या. म्हणूनच दोन वादकांच्या बॅसेट आवृत्त्या शंभर टक्के जुळत नाहीत.

मंद्रसप्तक
मंद्रसप्तकच म्हणा ताई. :) ते बारीक टाइपाचं माहीत नव्हतं. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी हेच म्हणून ठेवलंय हे वाचून बळ आलं.

वांगेभरीत
पण हस्तलिखित हरवलं कसं? एवढी मौल्यवान वस्तू!

डॅन्यूबकाठी
त्याची कथा श्टाडलरपाशीच येऊन थांबते. १८०० मध्ये मोत्सार्टच्या पत्नीनं, कॉन्स्टान्झेनं, आंद्रे या प्रकाशकाला पत्र लिहिलं. त्यात ती म्हणते की श्टाडलरला विचारा. तो सांगतो, जर्मनीत प्रवासात असताना हस्तलिखितं असलेली त्याची सामानाची पेटी चोरीला गेली. पण दुसरे लोक सांगतात की ती पेटी त्यानं तिथं ७३ डुकाटांना गहाण टाकली!

वांगेभरीत
म्हणजे आपल्याकडचीच गोष्ट. "पेटी चोरीला गेली हो" आणि पेटी सावकाराकडे.

पोहेप्रेमी
७३ म्हणजे घासाघीस करून ठरलेला आकडा दिसतोय. ७५ मागितले असणार. (दिवा घ्या.)

डॅन्यूबकाठी
वर आणखी, मोत्सार्ट गेला तेव्हाच्या मालमत्तेच्या यादीत श्टाडलरकडून ५०० गुल्डन येणं असल्याची नोंद आहे. तरी मैत्री तुटली नव्हती. ऑक्टोबर १७९१ मधलं मोत्सार्टचं बायकोला लिहिलेलं पत्र आहे: काळी कॉफी मागवली, मजेत पाइप ओढला आणि श्टाडलरचा राँडो जवळजवळ सगळा वाद्यवृंदासाठी लिहून काढला. हा राँडो म्हणजे याच कॉन्चेर्टोचा शेवटचा भाग. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ५ डिसेंबरला, मोत्सार्ट गेला.

तळ्यातमळ्यात
सगळं छान आहे, पण मला हा अट्टाहास वाटतो. माझ्या वडिलांकडे जॅक ब्रायमर यांची तबकडी होती. साधं क्लॅरिनेट. तो अडाजिओ, म्हणजे मधला संथ भाग, ऐकताना घरात कुणी बोलायचं नाही. चार सूर कमी आहेत म्हणून कुणाचं काही अडलं नाही. संगीत पोचलं ना? मग झालं. उद्या म्हणाल आतड्याच्या तारांशिवाय व्हायोलिन ऐकू नका.

खर्जवाली
तळ्यातमळ्यात, पोचलं हे खरंच. पण मी गाते, म्हणून या चार सुरांबद्दल मला वेगळं वाटतं.

मंद्रात उतरताना आपण गंधारावर थांबलो तर वाक्य अर्धवट राहतं. सा वर आलं की ऐकणाऱ्याचा श्वास सुटतो. आता या कॉन्चेर्टोत गायबलेले सूर कुठले, तर नेमका सा आणि त्याच्या वरचे तीन. कुठलेही आडवळणाचे चार सूर गेले असते तर मीही तुमच्यासारखंच म्हटलं असतं. इथं षड्जच गेलाय. लोट्झनं वाद्य नेमकं तिथपर्यंत लांबवलं, त्याच्या पलीकडे नाही. म्हणजे मोत्सार्टच्या हातात आलेल्या वाद्याचा तळ हाच त्याच्या कॉन्चेर्टोचा सा आहे. तळाशी घर आहे, आणि जिन्याच्या शेवटच्या चार पायऱ्या काढून टाकल्यात. उडी मारून जाता येतं, नाही असं नाही. पण उडी दिसते.

मी दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकल्या. तार सप्तकातली एक ओळ आणि लगेच मंद्रातून तिला उत्तर, असं तो पुन्हा पुन्हा करतो. एकच वादक, पण दोन माणसं बोलताहेत असं वाटतं. साध्या आवृत्तीत काही ठिकाणी उत्तर देणारा माणूस एक सप्तक वर सरकतो आणि दोघांचे आवाज सारखेच होऊन बसतात. संवादाचं स्वगत होतं.

तळ्यातमळ्यात
"संवादाचं स्वगत" हे पटलं. अडाजिओबद्दल मात्र माझं मत कायम. तिथली मूळ धून दोन्हीकडे तीच आहे.

खर्जवाली
धून तीच, मान्य. फरक मधल्या भागात आहे, तिथं एकट्या क्लॅरिनेटची खाली-वर ये-जा चालते. तो तुकडा तेवढा पुन्हा ऐका आणि इथं कळवा.

मडगावचो
नमस्कार. मी मूळचा मडगावचा, आता लिस्बनला असतो. लहानपणी चर्चमध्ये सोल्फेज आणि व्हायोलिन, मग क्लॅरिनेट. गेली काही वर्षं बॅसेट क्लॅरिनेट वाजवतोय, त्यामुळे हाताचा अनुभव लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे वजन. साध्या क्लॅरिनेटचा सगळा भार उजव्या अंगठ्यावर असतो. बॅसेटची नळी लांब, तिच्यावर जास्तीच्या चाव्या, म्हणजे भार आणखी वाढला. आणि त्यातल्या काही चाव्या त्याच उजव्या अंगठ्यानं दाबायच्या! ज्या बोटानं वाद्य पेलायचं त्याच बोटानं वाजवायचं. माझ्या वाद्यात कोमल गंधार उजव्या करंगळीला आहे आणि त्याखालचे सूर अंगठ्याला. दुसऱ्या बनावटीत काही चाव्या डाव्या करंगळीकडेही असतात. म्हणून गळ्यात पट्टा लागतो, नाहीतर जमिनीवर टेकणारा खुंट. मी पट्टा वापरतो. उभं राहून वाजवताना खुंटामुळे शरीर जखडल्यासारखं होतं.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. साध्या क्लॅरिनेटवर सगळी भोकं बंद केली की खालचा ई थेट तोंडातून, म्हणजे कर्ण्यातून निघतो. त्याच बोटांनी वरची चावी उघडली की सरगम मोजत वर गेल्यास बारावा सूर, म्हणजे बी मिळतो, तोही कर्ण्यातूनच. बॅसेटवर नळी पुढं चालू राहते, त्यामुळे हेच दोन सूर आता बाजूच्या भोकातून येतात. त्यांचा पोत बदलतो. पहिले काही आठवडे मला तो बी परका वाटायचा, फुंक वेगळी द्यावी लागायची. खालचे चार सूर मिळाले म्हणून आनंदात असताना आधीचे दोन सूर नव्यानं शिकावे लागतात.

तिसरी गोष्ट पत्तीची. वरच्या सुरांसाठी जी रीड छान लागते ती खाली घोगरी होते. मी थोडी मऊ घेतो.

हे सगळं सांगूनही म्हणतो, त्या पहिल्या भागात खालचा सी लागतो तेव्हा लाकूड छातीपाशी थरथरतं. ते एकदा अनुभवलं की साध्यावर परत जाताना जड जातं. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: जमेल तेव्हा बॅसेट. तोवर थांबू नका.

मंद्रसप्तक
मडगावचो, देव बरें करूं! अगदी हेच हवं होतं. किमतीचा अंदाज?

मडगावचो
लाखांत. आणि मोजकेच कारागीर आणि कंपन्या बनवतात, त्यामुळे थांबावंही लागतं. एक मधला मार्ग आहे. काही कारागीर फक्त लांबवलेला खालचा भाग बनवून देतात, तो तुमच्या नेहमीच्या ए क्लॅरिनेटच्या वरच्या भागाला जोडायचा. पूर्ण वाद्यापेक्षा खर्च कमी. पण आधी तुमच्याकडे चांगलं ए क्लॅरिनेट हवं.

बँडवाले सातारकर
इथंच तर गाडी अडते. आपल्याकडे ए क्लॅरिनेट आहे कुणाकडे? बँडमध्ये सगळी बी-फ्लॅट, नाहीतर ई-फ्लॅट. ताईंकडे आहे म्हणजे नशीबवान.

मंद्रसप्तक
सातारकर, माझं नाही, सरांचं आहे, शिकण्यापुरतं देतात. माझ्याबरोबरची दोघं बी-फ्लॅटवरच हाच कॉन्चेर्टो वाजवतात. त्यासाठी पियानोची साथ बी-फ्लॅटमध्ये लिहिलेली प्रत मिळते. म्हणजे पांढरी सहाच्या जागी काळी पाच. बोटं तीच.

हिशोबी
अर्धा सूर वर, चार सूर कमी, आणि वाद्यवृंदाच्या जागी पियानो. तरी आपण त्याला मोत्सार्टच म्हणतो! मला तर हे तळ्यातमळ्यात यांच्याच बाजूचं वाटतं.

खर्जवाली
पट्टी बदलली तरी सा सा राहतो. सा काढून टाकणं वेगळं.

शिंपल्यातला मोती
अडाण्यासारखा प्रश्न विचारते. क्लॅरिनेटच्या तोंडाला नुसती एक नळी लावून लांब केलं तर?

कारखानदार
अजिबात अडाणी नाही, वादक हे करतात! जाड कॅलेंडरचा कागद गुंडाळून कर्ण्यात घट्ट बसवायचा. लांबी जमली की ई च्या जागी ई-फ्लॅट निघतो. आमच्या मुलानं करून दाखवलंय.

मडगावचो
बरोबर, पण ई-फ्लॅट मिळतो तेव्हा ई जातो. कारण मधे भोक नाही, नळीच लांब झाली. वरचा बी सुद्धा त्याच्याबरोबर उतरतो. एखाद्याच जागी कोमल गंधार हवा असेल आणि आसपास शुद्ध गंधार नसेल तरच उपयोग. इथं तर सुरावट सगळ्यांवरून उतरते. भोकं आणि चाव्यांशिवाय सुटका नाही.

पोहेप्रेमी
कॅलेंडर कोणत्या महिन्याचं घ्यावं? मोत्सार्टनं ऑक्टोबरात लिहिलं म्हणून ऑक्टोबर?

कारखानदार
ऑक्टोबर चालेल, पण दिवाळी त्याच पानावर असेल तर घरातून परवानगी घ्या. =))

रागदारी
अवांतर: रायचूरचे पंडित नरसिंहलु वडवाटी क्लॅरिनेटवर हिंदुस्थानी राग वाजवतात, कुणी ऐकलंय का? चाव्यांच्या वाद्यावर मींड काढणं सोपं नाही. दक्षिणेत ए. के. सी. नटराजन यांनी कर्नाटक संगीत याच वाद्यावर उभं केलं. बॅसेट क्लॅरिनेटवर आलाप ऐकायला मला फार आवडेल. मंद्रातला मारवा किंवा दरबारी! त्यात ते चार सूर सोन्याचे ठरतील.

खर्जवाली
दरबारीचा कोमल गंधार त्या लाकडातून... रागदारी, कल्पनेनंच काटा आला. कुणीतरी कराच.

बँडवाले सातारकर
वडवाटींना प्रत्यक्ष ऐकलंय. गळ्यासारखं वाजवतात. ओठाच्या दाबानं सूर वाकवायचा, भोकावरून बोट सरकवत उचलायचं. आमच्या बँडमधली जुनी मंडळीही लावणीच्या जागा अशाच घ्यायची, पण कुणी लिहून ठेवलं नाही.

नवीन_सदस्या
मूक वाचक होते, आज खातं उघडलं. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, दोन वर्षं क्लॅरिनेट शिकतोय. हे बॅसेट वाद्य नंतर पुन्हा वापरात आलं कसं? श्टाडलरनंतर थांबलंच होतं ना?

डॅन्यूबकाठी
जवळजवळ थांबलंच. विसाव्या शतकाच्या मध्यापासून अभ्यासकांनी पुन्हा प्रश्न विचारायला सुरुवात केली. १९५१ मध्ये प्रागला हा कॉन्चेर्टो परत लांब वाद्यावर वाजला. इंग्लंडमध्ये ॲलन हॅकर यांनी हा विषय लावून धरला. १९६६ मध्ये पाठीच्या कण्याच्या आजारानं त्यांचे पाय गेले. त्यानंतर चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी पुढची सगळी कारकीर्द केली, आणि मूळ रूपातला हा कॉन्चेर्टो त्यांनी वाजवला तोही त्याच काळात. मुलाला हे जरूर सांगा. पुढं थीया किंग, अँटनी पे, साबिने मायर, एरिक होपरिख अशा कितीतरी जणांनी बॅसेटवर मुद्रणं केली.

१९९२ मध्ये तर कमालच झाली. पामेला पूलिन या संशोधिकेला रीगा शहरातल्या श्टाडलरच्या १७९४ च्या कार्यक्रमांची पत्रकं सापडली, आणि त्यावर त्याच्या वाद्याचं कोरीव चित्र! तोवर सगळे सरळ नळी धरून चालले होते. चित्रात खालच्या टोकाला काटकोनात वळलेला, भोपळ्यासारखा फुगीर कर्णा आहे. होपरिख यांनी त्यावरून वाद्य घडवलं. त्याचा खालचा सूर आजच्या कारखान्यातल्या बॅसेटपेक्षा मऊ आणि झाकलेला येतो.

नवीन_सदस्या
फार आभार ताई. त्याला वाचून दाखवला अख्खा धागा. "मला वाकड्या तोंडाचं हवं" म्हणतोय.

तळ्यातमळ्यात
खर्जवाली, सांगितल्याप्रमाणे अडाजिओचा मधला भाग पुन्हा ऐकला, दोन्हीकडचा. तिथं फरक आहे. बॅसेटवर तो तुकडा जास्त एकाकी वाटतो. ब्रायमरवरचं माझं प्रेम कमी होणार नाही, पण आता दोन्ही ऐकत राहीन.

हिशोबी
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? ताईंना परीक्षेला काय वाजवायचं ते ठरलं का?

मंद्रसप्तक
हो, त्यासाठीच आले. साल्झबर्गच्या मोत्सार्टेउमनं मोत्सार्टचं संपूर्ण साहित्य इंटरनेटवर फुकट ठेवलंय. त्यात या कॉन्चेर्टोची दोन्ही रूपं आहेत, साध्या क्लॅरिनेटचं आणि बॅसेटसाठी पुन्हा जुळवलेलं. दोन्ही समोर ठेवून माझ्या प्रतीत जिथं जिथं ओळ वर उचलली आहे तिथं पेन्सिलीनं खालचे सूर लिहून काढले. अगदी त्या परीक्षणकर्त्यानं सांगितल्यासारखे, बारीक.

लिहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. काही ठिकाणी छापील प्रतीतली उडी वेगळ्या जागी घेता येते. म्हणजे ओळ मधेच तोडण्यापेक्षा अख्खं वाक्यच सुरुवातीपासून वर घेतलं तर तिचा उतार शाबूत राहतो. सा वरचा लागतो, पण लागतो. सरांना वाजवून दाखवलं. दोन जागा त्यांनी मान्य केल्या, एक नाही म्हणाले, कारण तिथं वर घेतल्यावर व्हायोलिनच्या ओळीवर आदळते. परीक्षेला याच दोन बदलांसह साध्या ए क्लॅरिनेटवर वाजवणार.

आणि जिथं काहीच करता येत नाही तिथं उडीच्या आधी अगदी थोडा श्वास घेते, म्हणजे दोन वेगळे आवाज बोलताहेत असं निदान वाटावं. खर्जवाली, हे तुमच्या "स्वगता"वरून सुचलं.

मडगावचो
अख्खं वाक्य वर घ्यायची युक्ती चांगली. फक्त राँडोमध्ये जपून. तिथं ओळ तिन्ही सप्तकांत उड्या मारते, आणि त्या मुद्दाम मारलेल्या आहेत. त्या सरळ करायला जाऊ नका. तिथली दुमड कुठली आणि मोत्सार्टची उडी कुठली हे बॅसेटच्या ओळीशी ताडून बघा, मगच पेन्सिल लावा.

मंद्रसप्तक
राँडो अजून हातात घेतलेला नाही, पुढच्या आठवड्यात सुरू करतेय. ताडून बघते आणि शंका आली की इथंच विचारते.

बँडवाले सातारकर
ताई, वाजवाल त्याचं मुद्रण टाका इथं. वडील ऐंशीच्या पुढं आहेत, त्यांना ऐकवायचंय.